वाळवणाची राखण



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६.

भगवंत इथे सांगतात, हे चंचल आणि अस्थिर मन ज्या ज्या कारणाने बाहेर धावेल, तिथून तिथून त्याला आवरून परत आत्म्याच्या ताब्यात आणावं. आपण क्रमाने वाचतोय म्हणून हा श्लोक आज आला, मी निवडून काढलेला नाही. पण मे महिन्याचा तिसरा आठवडा, घरात सात आणि चार वर्षांची दोन मुलं, शाळेला सुट्टी, आणि नेमका हाच श्लोक! माउलींना गंमत सुचली असणार.

गेल्या काही दिवसांत दोघा-तिघांनी मला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारलाय. मुलं दिवसभर घरी आहेत, सकाळची शांत वेळ उरलीच नाही, तर शाळा सुरू होईपर्यंत नित्यपाठ बंद ठेवला तर चालेल का? एकाने तर पुढे जाऊन विचारलं, मुलं मोठी होईपर्यंतच थांबावं का? प्रश्न खरा आहे. ज्यांना लहान मुलं नाहीत त्यांना तो आळशीपणा वाटेल. ज्यांना आहेत त्यांना माहीत आहे.

एरवी आमच्याकडे सकाळी सव्वासातला स्कूलबस येते आणि त्यानंतर अर्धा तास पोथीचा. हा अर्धा तास मला बसवाल्या काकांच्या कृपेने मिळतो हे सुट्टी लागली की कळतं. सध्या धाकटा सहालाच उठून "बाबा, आज कुठे जायचं?" विचारतो. मग मोठीचं पोहणं, तिथून येईपर्यंत माझा स्टँडअप कॉल, कॉलच्या मधोमध कोणाचा तरी फुगा फुटणं, दुपारी पत्ते, आंब्याच्या पेटीतला कुठला पिकला हे दोघांनी दाबून दाबून बघणं, संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सायकली, आणि रात्री दहालाही झोप न येणं. मधेच आतेभावंडं चार दिवस राहायला. बायकोचंही ऑफिस आहे, तिचेही कॉल आहेत. आई गावाहून आलीय म्हणून गाडं चाललंय.

अशा दिवसांत पोथी उघडली तर चौथ्या ओवीला कोणीतरी येऊन मांडीवर बसतं. आपल्याला वाटतं, झालं, पाठ मोडला.

श्लोक पुन्हा वाचा. मन पळणार हे त्यात गृहीतच धरलंय. पळालं तर काय करायचं एवढंच सांगितलंय. किती वेळा पळालं तर साधक नापास, असा आकडा कुठेही नाही. 'ज्या ज्या' आणि 'तिथून तिथून' अशी जी द्विरुक्ती आहे तिच्यातच सगळं आलं. हे पुन्हा पुन्हा होणार आहे आणि पुन्हा पुन्हा करायचं आहे. आदल्याच पंचविसाव्या श्लोकात भगवंतांनी 'हळूहळू' असंही दोनदा म्हणून ठेवलंय. घाई त्यांना नाही, आपल्यालाच आहे.

आपल्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कारण इथे निम्मे लोक आयटीवालेच आहेत. प्रोसेसर एक काम करत असताना कीबोर्डकडून किंवा नेटवर्ककडून इंटरप्ट येतो. प्रोसेसर काय करतो? आपण कुठपर्यंत आलो होतो ते जपून ठेवतो, आलेलं काम उरकतो, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतो. इंटरप्ट म्हणजे बिघाड नव्हे. तो येणारच हे धरूनच यंत्राची रचना केलेली असते. बिघाड तेव्हा, जेव्हा परतीचा पत्ता हरवतो. मुलगा येऊन मांडीवर बसला हा इंटरप्ट. त्याच्या चपलेचा पट्टा लावून दिल्यावर पोथीकडे न वळता आपण मोबाइल उचलला, तर तिथे पत्ता हरवला. आणि त्याचा दोष मुलाच्या माथी मारता येत नाही.

(उदाहरण इथपर्यंतच ताणा. प्रोसेसरला कंटाळा येत नाही, आपल्याला येतो.)

आता या श्लोकावर माउली काय म्हणतात ते पाहा. ज्ञानेश्वरीतल्या या जागेवर मी दरवर्षी थांबतो. आधीच्या उपायांनी मन स्थिर झालं तर उत्तमच, पण नाही झालं तर? माउली सांगतात, मग त्याला सरळ मोकळं सोडून द्या. ते जिथे जाईल तिथून तुमचा नियमच त्याला परत घेऊन येईल, आणि असं होता होता मनालाही स्थिर राहण्याची सवय लागेल. विलक्षण सांगणं आहे हे. मनाला बांधून ठेवायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाही. आपल्याकडे दिलाय तो फक्त नियम. परत आणण्याचं काम तो करतो.

हे मला पुस्तकात जेवढं समजलं त्याहून जास्त आमच्या गच्चीवर समजलं. आईने यंदा कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस असं वाळवण घातलं. राखणीला नात. हातात काठी, डोक्यावर आजीचा पंचा, बाजूला पाण्याची बाटली. कावळा आला की काठी आपटायची, तो कठड्यावर जाऊन बसतो. दोन मिनिटांत पुन्हा येतो. पुन्हा काठी. मी लॅपटॉप घेऊन सावलीत बसलो होतो, मला तासाभरात वैताग आला. तिला आला नाही. मी विचारलं, "कंटाळा नाही का गं येत? तो येतोच आहे परत परत." ती म्हणाली, "अहो बाबा, तो येतो म्हणून तर आजीने मला बसवलंय ना!"

कावळा आला म्हणजे राखण फसली असं तिला एकदाही वाटलं नाही. कावळा येणं आणि त्याला उठवणं, हीच राखण. संध्याकाळी कुरडया सुकल्या होत्या. दोन-चार गेल्या असतील.

मग सुट्टीत नियम कोणता ठेवायचा? माझं स्पष्ट मत आहे की छोटा ठेवा, पण रोजचा ठेवा. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास पक्का कसा होतो ते सांगताना तीन गोष्टी मागितल्या आहेत. तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने हवा. 'खंड न पडता' वाचलं की लहान मुलांचे आईबाप घाबरतात. पण अखंड काय असायला हवं? अर्ध्या तासाची बैठक अखंड असावी असं धरलं तर घरात मूल असलेल्या कोणालाच ते जमणार नाही. रोज तिथे परत येणं अखंड ठेवता येतं. पाच ओव्या वाचा, पण वाचा. त्या पाच ओव्यांत तीनदा उठावं लागलं तर तीनदा परत बसा. माझ्या पोथीत सध्या खूण म्हणून आइस्क्रीमची काडी आहे, धाकट्याने दिलेली. ती जिथे असेल तिथून पुढे.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. मुलांच्या आईबापांना सर्रास सल्ला दिला जातो की पहाटे चारला उठा, मुलं झोपलेली असतात, शांतता असते. ज्याचं मूल रात्री दोनदा उठलंय त्याला हे सांगणं मला क्रूर वाटतं. याच सहाव्या अध्यायात, सोळाव्या श्लोकात, भगवंत म्हणतात की फार खाणाऱ्याला किंवा अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा फार जागणाऱ्याला योग साधत नाही. सतराव्यात आहार, विहार, झोप, जागरण सगळं बेताचं हवं असं येतं. झोप मोडून केलेली साधना दिवसभर मुलांवर ओरडण्यात खर्च होणार असेल तर ती झोपच बरी.

आणि आता थोडं अवघड बोलतो. घरात शांतता ही मोजकी वस्तू असते, पाण्याच्या टँकरसारखी. एकाने जास्त घेतली की दुसऱ्याला कमी पडते. मी दार लावून अर्धा तास ध्यानाला बसलो, तर तो अर्धा तास दोन्ही मुलं कोणाकडे असतात? बहुतेक घरांत याचं उत्तर आई, आजी किंवा बायको असंच असतं. माझी साधना झाली हे मी वहीत लिहितो. तिचा अर्धा तास कुठेच लिहिला जात नाही.

इथे मला नाथांच्या घरची गोष्ट आठवते. पैठणचे एकनाथ महाराज संसारी संत. घरी पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरी, मुली. (कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव.) नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, आणि हे सगळं भरल्या घरात राहून. त्यांची शांती प्रसिद्ध होती. गोष्ट अशी सांगतात की पैशांच्या आशेने एक माणूस नाथांना राग आणून दाखवायचा विडा उचलतो. नाथ पूजेत असताना तो थेट येऊन त्यांच्या मांडीवर बसतो. नाथ म्हणतात, भेटायला पुष्कळ येतात, पण इतक्या प्रेमाने कोणी येत नाही. मग त्याला जेवायला बसवतात. गिरिजाबाई वाढायला वाकतात तसा हा उडी मारून त्यांच्या पाठीवर चढतो. नाथ म्हणतात, सांभाळ, ते पडतील. आणि गिरिजाबाई उत्तर देतात की हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे, मी पडू देणार नाही.

कीर्तनात ही गोष्ट नाथांच्या शांतीची म्हणून सांगतात. माझं लक्ष दरवेळी गिरिजाबाईंकडे जातं. नाथांची शांती गुरुकृपेची, जनार्दनस्वामींच्या चरणाशी देवगडावर केलेल्या साधनेची. गिरिजाबाईंनी ही शांती कुठे कमावली? त्यांनीच सांगितलंय, मूल पाठीवर घेऊन वाकता वाकता. पुढे पस्तिसाव्या श्लोकात भगवंत मन आवरायला 'अभ्यास' हा शब्द वापरतात. गिरिजाबाईंचा अभ्यास हा होता. परीक्षेच्या क्षणी नवरा-बायको दोघेही एकाच वर्गात पास झाले, आणि दोघांच्या शाळा वेगळ्या होत्या.

म्हणून मूल पाठीवर आहे तोपर्यंत साधना थांबवा, हे मला पटत नाही. आणि मूल कायम एकाच्याच पाठीवर असावं, हेही पटत नाही. आमच्याकडे सुट्टी लागली त्याच रविवारी कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्या. एक दिवस सकाळची बैठक माझी, एक दिवस बायकोची. ज्याची पाळी नाही त्याच्याकडे मुलं, दूध, अंघोळी, आणि त्या वेळात दार वाजवायचं नाही. तिला ज्ञानेश्वरीपेक्षा विष्णुसहस्रनाम आवडतं, ती ते म्हणते. आई म्हणाली, "अरे, तुझ्या वडिलांना असलं काही सुचलं नव्हतं." मग म्हणाली, "मलाही एक दिवस टाका." आता आठवड्यातला गुरुवार तिचा.

ज्या दिवशी माझी पाळी नसते त्या दिवशी मुलांसोबत जेवढं होईल तेवढंच. संध्याकाळी दिवा लावल्यावर हरिपाठातला एक अभंग, टाळ वाजवून. धाकटा टाळ फक्त वाजवतो, म्हणत काही नाही, आणि अभंग संपला तरी थांबत नाही. पुढे अभ्यासाच्या श्लोकांवर माउलींनी मनाचा एक चांगला गुण सांगितलाय. त्याने जिथे गोडी चाखली तिथेच ते सोकावतं, म्हणून त्याला कौतुकाने आत्मसुखाचीच चव दाखवत राहावी. मुलांबाबत मी हे शब्दशः घेतो. सक्तीने पाठ करून घ्यायचं नाही. टाळ, आरती, आणि आंब्याच्या फोडीचा नैवेद्य. सध्या दोघं दिवेलागणीची वाट बघतात. फोडीसाठी बघतात हे मला माहीत आहे, चालेल.

आजच्यासाठी एवढंच करून पाहा. पाठाला बसल्यावर कितीदा उठावं लागलं ते मोजू नका, कितीदा परत येऊन बसलात ते मोजा. घरात दुसरं कोणी साधना करणारं असेल तर त्याला किंवा तिला आज विचारा, तुला कुठली वेळ हवी आहे?

उद्या सत्ताविसावा श्लोक, मन शांत झालेल्या योग्याकडे सुख आपणहून चालत येतं तो. उद्याची सकाळ बायकोची आहे आणि मुलांना टेकडीवर न्यायचं कबूल केलंय, त्यामुळे चिंतन रात्री उशिरा येईल.

रामकृष्णहरी.