सुरमई

सुरमईची गणना बांगड्याच्याच कुळात होते. ट्यूना हा मासाही त्याच कुळातला. तमिळनाडूत तिला वंजरम, केरळात नेयमीन, तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अंजल म्हणतात. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०० साली तिचे वर्णन केले व निसर्गसंशोधक कॉमर्सन याचे नाव तिला दिले.

सुरमईचे अंग लांबट, दोन्ही बाजूंनी चपटे व रुपेरी असते. प्रौढ माशाच्या कुशीवर चाळीस-पन्नास अरुंद उभे पट्टे दिसतात. कुशीवरून जाणारी पार्श्वरेखा दुसऱ्या पृष्ठपराच्या शेवटाखाली एकाएकी खाली वळते. ही तिची खात्रीची खूण होय. तिच्या जवळच्या दोन जातींपैकी एकीच्या अंगावर गोल ठिपके, तर दुसरीच्या अंगावर तुटक आडव्या रेघा असतात.

तांबडा समुद्र व दक्षिण आफ्रिकेपासून जपान व ऑस्ट्रेलियापर्यंत सुरमई आढळते. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यानंतर ती भूमध्य समुद्रातही शिरली. तिला वाताशय नसतो. त्यामुळे पोहणे थांबले तर ती बुडू लागते. तारली, मांदेली यांसारख्या लहान माशांच्या थव्यांवर ती वेगाने तुटून पडते. हाच वेग तिला गळाने पकडणाऱ्या हौशी शिकाऱ्यांना मोहवतो. क्वीन्सलँड व नाताळच्या किनाऱ्यांवर चालत्या होडीमागे आमिष ओढून तिची शिकार करतात. भारतात मात्र ती मुख्यत्वे उपजीविकेचे साधन आहे. येथे ती गळाने, तसेच पडद्यासारख्या तरंगत्या जाळ्यांनी पकडली जाते.

सुरमई झपाट्याने वाढते. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास, लांबी ७० ते ८० सेंटिमीटर भरल्यावर, मादी प्रजननक्षम होते. या वाढीमुळे तिचा साठा अक्षय असल्याचा समज होण्याचा संभव असतो. परंतु बारीक आसाच्या जाळ्यांत कोवळे मासेही सापडतात, आणि एकदाही अंडी न घालता पकडलेली मादी आपल्यामागे काहीच ठेवत नाही. म्हणूनच क्वीन्सलँडमध्ये ७५ सेंटिमीटरहून लहान सुरमई पाण्यात परत सोडावी लागते. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात ती पकडण्यास मनाई असते. दोन्ही नियमांमागचे तत्त्व एकच आहे: प्रत्येक सुरमईला निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळावी. मच्छीमाराचे उद्याचे उत्पन्न या संयमावरच अवलंबून आहे.