प्रशालेचा इतिहास : दाखल-खारीज रजिस्टर व हजेरीपट

गावच्या प्रशालेचा इतिहास विचारला असता मुख्याध्यापकांच्या खोलीतील फलकाकडे बोट दाखविले जाते. त्या फलकावर मुख्याध्यापकांची नावे व कार्यकाल असतो. शाळा कोणी तगविली व कोण ती मध्येच सोडून गेले, हे त्यावर नसते. ते दाखल-खारीज रजिस्टरात व हजेरीपटात असते. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हा इतिहास दोन-तीन तासिकांत वाचावयास शिकविता येतो.

आरंभ अंबाजोगाईपासून करावा. निजामी राजवटीत ह्या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि सरकारी शाळांच्या वरच्या वर्गांतही उर्दूच. मराठीतून शिकवू पाहणाऱ्या खानगी शाळांकडे सरकार संशयाने पाही. अशा काळात, १९३५ साली, अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून स्वामी रामानंद तीर्थ आले. ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत काम केलेले व पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविलेले हे संन्यासी. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही येथे होते. परांजपे १९५२ साली बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. १९३८ साली स्वामीजी शाळा सोडून हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले. येथे वर्गाला एक प्रश्न विचारावा : एवढा मोठा मुख्याध्यापक गेला, तरी शाळा बंद का पडली नाही? शाळा आजही चालू आहे, आणि त्याच संस्थेच्या महाविद्यालयाला स्वामीजींचे नाव आहे. मुले उत्तर शोधू लागली की पाठ निम्मा झाला. शाळेला आपली मानणारे पालक व गावकरी हे त्या उत्तराचे एक अंग होय.

सरकारी शाळांची वाट निराळी. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर निजामी सत्ता संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतांशी खानगी संस्थांच्या असताना मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला एवढ्या का दिसतात, ह्याचे मूळ जुन्या सरकारी हायस्कुलांत आहे.

आता रजिस्टर. जुन्या शाळांतील पहिल्या नोंदी पुष्कळदा उर्दूत व फसली सनात असतात. हैदराबादी फसली सनात ५९० मिळविले की ज्या इसवी सनाच्या ऑक्टोबरात ते वर्ष सुरू झाले तो सन मिळतो. १३४५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. गावातील उर्दू जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांस वर्गावर बोलवावे; ते आनंदाने येतात. २०२३ साली जातनोंदींच्या शोधासाठी हीच रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली, तेव्हा त्यांची किंमत सर्वांस कळली. वर्गात मात्र जातीचा रकाना कागदाने झाकून ठेवावा. पाहावयाचे ते वडिलांचा धंदा, गाव, मुलींची पहिली नावे, आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना.

ह्या शेवटच्या रकान्यात बीड जिल्ह्याचे मोठे दुःख मात्र उतरत नाही. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या गाड्या भरून ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता; धाकट्या भावंडांना सांभाळण्यास थोरली मुलगी. तिचे नाव खारीज होत नाही. पटावर ते तसेच राहते आणि त्यापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. वर्षअखेरीस ती परत येते तेव्हा बीजगणिताचे पुस्तक अर्ध्याहून पुढे गेलेले असते, आणि घरी लग्नाचे बोलणे निघालेले असते. म्हणून मागील पाच वर्षांचे हजेरीपट घेऊन कार्तिक ते फाल्गुन ह्या महिन्यांचा तक्ता मुलांकडून करवावा. नावे लिहू नयेत, केवळ संख्या. मुलगे किती व मुली किती, हे वेगळे मांडावे.

तक्ता गावासमोर ठेवण्याची वेळ महत्त्वाची आहे. मुकादमाकडून उचल बहुधा पावसाळ्यातच घेतली जाते. दिवाळीत केलेली विनवणी उशिराची ठरते. आजी-आजोबांजवळ राहू शकतील अशा मुलांची यादी श्रावणातच शालेय व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. हंगामी वसतिगृहांचा लाभ आठवीपर्यंतच्या मुलांना होतो. नववी-दहावीच्या मुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहात जागा आहे काय, ह्याची चौकशी मुख्याध्यापकांनी त्याच महिन्यात करावी. जागा न मिळाल्यास गावातील कोणते घर मुलीला सहा महिने ठेवून घेईल, हा प्रश्न समितीच्या बैठकीत तक्ता समोर ठेवूनच विचारावा, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्यावे.