चूळ

१. माझा पहिला रोजा मीच मोडला होता. जून १९८३, सोलापूर, वय वर्षं नऊ. दुपार कलल्यावर असरच्या नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन वजू करायला मोरीत बसले, चूळ भरायला तोंडात पाणी घेतलं आणि गिळलं. मग आणखी एक घोट. मोरीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळी नवा फ्रॉक, गळ्यात मोगऱ्याचा हार, शेजारच्या काकूंनी मुठीत कोंबलेली पाचाची नोट. मी सगळं घेतलं. त्या वयात रोजा सक्तीचा नसतो हे पुढे कळलं, पण हाराचं ओझं काही उतरलं नाही. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून रमजान दर साल तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परततो. २०१६ साली तो पुन्हा जूनमध्ये आला. बेसिनपुढे उभी होते, तोंडात पाणी होतं, आणि मोगऱ्याचा वास आला. नमाज दिसते, दान दिसतं, हजला निघालेल्याला तर सगळी गल्ली पोचवायला जाते. रोजा दिसत नाही. दिसतात फक्त सुकलेले ओठ, आणि ते कुणालाही सुकवता येतात.

२. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आम्हालाही लागू आहे. चंद्र दिसायच्या आधी आमच्या घरी तेलाचा डबा येतो. कुरआनचे ३० पारे, रोज एक, असा माझा दरवर्षीचा बेत. बाराव्याच्या पुढे गाडी कधी गेली नाही, कारण असर ते मगरिब, म्हणजे रोजा सुटेपर्यंत, मी कढईपुढे. शेवटी एका वर्षी जाहीर केलं, तळण फक्त जुम्म्याला. नवऱ्याने आठवडाभर केळ्याकडे बघत रोजा सोडला.

त्यातून जो अर्धा तास हाती आला, त्यात मी मराठी भाषांतर उघडलं. शेवटाकडून सुरुवात केली, तिथल्या सूरह छोट्या म्हणून. (शाळेत शिकवते, पण अभ्यासाची चोरी अजून गेलेली नाही.) सूरह माऊन अवघ्या सात आयतींची. लहानपणापासून नमाजात म्हणत आलेली, अर्थ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. लोकांना दाखवायला नमाज पढणारे आणि रोजच्या वापरातली साधी वस्तूही दुसऱ्याला न देणारे, अशांना तिथे एका दमात झापलं आहे. त्याच सकाळी समोरच्या वहिनींना मी ‘मिक्सर बिघडलाय’ असं सांगितलं होतं. रोज्यात! मिक्सर उचलून त्यांच्या दारात गेले, तर त्यांचं वाटण पाट्यावर होऊनही गेलं होतं. ‘झाला का दुरुस्त इतक्यात?’ त्यांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणाले. म्हणजे दुसरं खोटं.

३. हे लिहावं की नाही, यावर पुष्कळ विचार केला. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचा नसतो, नमाजही नसते. राहिलेले रोजे पुढे सवडीने भरून काढायचे, त्यांना कजा म्हणतात. धर्माने इतकं सरळ ठेवलेलं. आम्ही बायका मात्र घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून पहाटे सहरीच्या जेवणाला उठायचो, दिवसभर तोंड उतरलेलं ठेवायचो आणि दाराआड उभ्याने बिस्किटं खायचो. मी लग्नानंतर वीस वर्षं असं केलं. खरं बोलायच्या महिन्यात दरसाल पाच-सहा दिवसांचं पद्धतशीर नाटक, आणि त्याला नाव ‘लाज’.

ते मोडलं माझ्या मुलीने, सोळाव्या वर्षी. भर दुपारी बशीत भाकरी घेऊन ती बाहेरच्या खोलीत, आजोबांच्या समोर बसली. स्वयंपाकघरात माझे हातपाय गार. सासरे, आम्ही सगळे त्यांना अब्बाच म्हणतो, वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते जरा जास्तच जवळ धरलं. मग पानाआडून आवाज आला, ‘‘कोरडी कशाला खाते पोरगी? शेंगाची चटणी दे की तिला.’’

त्या वर्षीपासून मी कजा रोजे डिसेंबरात उघडपणे धरते. दिवस लहान, घसा सुकत नाही. मात्र सोबतीला कुणी नसतं; सहरीला उठवणारी हाळी नाही, विजापूर वेशीतला रमजानचा बाजार नाही, खजुराचं ताट घेऊन कुणी येत नाही. स्टाफरूममध्ये चहा फिरतो, मी ‘नको’ म्हणते आणि कारण सांगत नाही. मला हे रोजे रमजानातल्यांपेक्षा जास्त आवडायला लागलेत, हे मात्र अब्बांना सांगितलेलं नाही.

४. ‘मला रोजा लागलाय’ असं म्हणून पोरांवर खेकसणं बंद केलं. दोन-तीन वर्षं जमलं. आता पुन्हा खेकसते.

५. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, टाळेबंदीमुळे मशिदी बंद. रमजानातली रात्रीची तरावीहची नमाज आमच्या गल्लीत पुरुषांनी मशिदीत आणि बायकांनी घरी एकेकटीने पढायची रीत. त्या वर्षी पलंग भिंतीला उभा करून बाहेरच्या खोलीत चादरी अंथरल्या, अब्बा पुढे, पुरुष त्यांच्यामागे आणि शेवटी आम्ही. अब्बांना मोठ्या सूरह पाठ नाहीत; शेवटच्या दहा सूरह दोनदा म्हणून ते वीस रकात पुरे करायचे. माऊनही त्यात, रोज रात्री दोन वेळा. दोन्ही वेळा माझं लक्ष मिक्सरकडे जायचं. बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज, रोज कुणाची तरी बातमी, आणि तरी सांगते, बावीस वर्षांच्या संसारात मी त्या घरातल्या माणसांच्या मागे नमाजाला पहिल्यांदाच उभी राहिले होते. पुढच्या रमजानात पलंग जागेवर होता.

६. मागच्या मार्चमध्ये भाचीचा पहिला रोजा. वय तेच, नऊ. हार मीच आणायचा होता. मोगरा अजून नीट आला नव्हता, शेवंतीचा घेतला. असरच्या वेळी ती वजू करून बेसिनकडून आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. माझ्याकडे बघत होती, की मी काही विचारते का.

मी टॉवेल दिला. मग हार बांधायला दोरा शोधत आत गेले.