पावतीतले 113 रुपये

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या जीआयडीसीत 15,000 पगार असेल, तर पगाराच्या पावतीत ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) नावाने 113 रुपये कापलेले दिसतील. मालक वर 488 भरतो. हे पैसे बोट कापलं, ताप आला, बाळंतपण निघालं तर उपयोगी, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण झोप उडणं, रातपाळीला निघताना छाती धडधडणं, दोन-दोन आठवडे कशातच मन न लागणं यावरचे उपचारही त्यातच येतात. 2 जून 2022 ला इथल्या एका रासायनिक कारखान्यात आग लागली. असा दिवस पाहिलेल्या माणसाला नुसता भोंगा वाजला तरी दरदरून घाम फुटतो. तो भित्रेपणा नव्हे.

म्हणून खासगी डॉक्टरची फी विचारण्याआधी आपला विमा नंबर शोधा. दरमहा 21,000 पर्यंत पगार असेल तर ठेकेदाराकडचा कामगारही या योजनेत येतो. ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर पगाराची पावती मागा, कापलेली रक्कम तिथे दिसायला हवी. ईएसआयच्या दवाखान्यातून पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. खरं तर गरिबाला औषधापेक्षा खाडा महाग पडतो. त्यावरही सोय आहे: हप्त्यांची अट पूर्ण असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात, नोकरी पुरेशी जुनी असल्यास, 80 टक्के आणि अधिक काळ.

ईएसआय नसेल तर बडोद्यात दोन सरकारी दारं आहेत: सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय. नाव ऐकून दचकू नका, तिथे भरती न होता ओपीडीत दाखवता येतं. आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती झाल्यावर चालतं, ओपीडीच्या गोळ्यांसाठी त्यावर विसंबू नका.

खासगीतच जायचं असेल तर फोनवरच चार गोष्टी विचारा: पहिल्या भेटीची फी, पुढच्या भेटीची, किती मिनिटं देणार आणि किती दिवसांनी बोलावणार. समुपदेशकाची फी परवडली तरी भेट दर आठवड्याला असते, तेव्हा महिन्याचा हिशेब चारने गुणून करा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात तेच पुष्कळ स्वस्त पडतं. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. (भगताकडे बिदागी किती गेली, हेही एकदा जोडून बघा. त्याची पावती मात्र कुणी देत नाही.)

आत्ताच, या रात्री कुणी ‘जगायचं नाही’ म्हणत असेल तर 14416 लावा. ही टेली-मानस सेवा फुकट आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात दिसला तर थेट 108. तोवर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं शेजाऱ्याकडे ठेवा, ‘मरावंसं वाटतंय का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘पोलिस केस होईल’ या धास्तीने दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, उलट सिद्ध झाल्याशिवाय खटला नाही.

पहिल्या भेटीला जाताना आधार कार्ड, विमा नंबर आणि आजवर खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या.