रणनौकेवरून गोदीच्या कारभारात

अहिल्यानगर शहराला (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) लष्कराचा सहवास नवा नाही. चिलखती दलाचे केंद्र व शाळा १९४८ पासून येथे आहे. यांत्रिक पायदळाचे रेजिमेंट केंद्र आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना हीदेखील येथेच आहेत. त्यामुळे सेवेच्या अखेरच्या वर्षांत असलेले कर्नल, ब्रिगेडियर, जनरल या दर्जाचे अधिकारी नगरवासीयांच्या नित्य परिचयाचे आहेत. यांतील प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा असतो. ब्रिगेडियर ५६ व्या वर्षी, मेजर जनरल ५८ व्या वर्षी आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतो. शरीर सुदृढ, अनुभव तीन-साडेतीन दशकांचा, हजारो माणसे हाताळण्याची सवय. हे सारे पुढे कोणत्या कामी यावे?

सगळेच कारखानदारीकडे वळतात असे नाही. नगरच्या चिलखती दल केंद्राचे समादेशक राहिलेले लेफ्टनंट जनरल हणूत सिंग निवृत्तीनंतर अध्यात्मसाधनेत रमले. परंतु उद्योगसंस्थांच्या सर्वोच्च पदी बसलेले सेनाधिकारीही आपल्याकडे अनेक आहेत. त्या स्थित्यंतराचा अभ्यास करावयाचा तर महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण भूदलाचे नसून नौदलाचे आहे. ते मुंबईच्या माझगाव गोदीत सापडते.

माझगावची गोदी मुळात १७७४ च्या सुमाराची. पुढे ती ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मालकीची झाली आणि १९६० मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली. तोवर तिचे मुख्य काम दुरुस्तीचे. याच गोदीत आधुनिक युद्धनौका बांधावयाची असा निर्णय साठच्या दशकात झाला, तेव्हा आपल्या देशात त्या तोडीचे जहाज कोणी बांधलेले नव्हते. गोदीची सूत्रे त्या सुमारास रिअर ॲडमिरल एस. एम. नंदा यांच्याकडे होती. ते सेवेत असतानाच या पदावर आले होते. ब्रिटिश लिअँडर पद्धतीच्या फ्रिगेटची योजना त्यांच्या काळात आकारास आली. पुढे ते पुन्हा गणवेशात परतले.

त्यांच्या पाठोपाठ ज्यांच्या कारकिर्दीत ही योजना प्रत्यक्ष पोलादात उतरली, ते बेंजामिन अब्राहम सॅमसन हे पुण्याच्या बेने इस्रायली कुटुंबातले. कोकणकिनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला आणि मराठी हीच मायबोली मानणारा हा समाज होय. सॅमसन यांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे समादेशकपद भूषविले आणि १९६५ च्या युद्धात ते भारतीय आरमाराचे नेतृत्व करीत होते. (नामवंत नृत्यांगना लीला सॅमसन या त्यांच्या कन्या.) त्या युद्धाच्या वेळी ‘विक्रांत’ ही आपली एकमेव विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. जहाज गोदीत अडकले म्हणजे आरमाराच्या सेनानीचे काय होते, हे ज्याने सोसले तोच माणूस पुढे जहाजे बांधणाऱ्या गोदीचा प्रमुख झाला. आजवर तो गिऱ्हाईक होता. आता पुरवठादार झाला.

या अदलाबदलीत सेनाधिकाऱ्याच्या स्थित्यंतराचे मर्म आहे. गिऱ्हाईक म्हणून तो तारीख मागत असे. पुरवठादार म्हणून ती पाळावयाची जबाबदारी त्याच्यावर येते. युद्धनौकेवर कप्तानाचा शब्द अखेरचा असतो आणि त्यामागे नौदल कायद्याचे बळ असते. गोदीत जोडारी, वेल्डर, सुतार, रंगारी असे हजारो कामगार असतात. त्यांची संघटना असते आणि त्या काळी औद्योगिक विवाद कायदा, १९४७ त्यांच्या पाठीशी होता. तेथे हुकूम चालत नाही, करार चालतो. शिवाय सैन्यात खर्चाची तरतूद वरून मंजूर होऊन येते. कंपनीत मात्र ती मिळकतीतून उभी करावी लागते आणि ताळेबंद संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो. शिस्त, नकाशावर काम आखण्याची सवय, वेळेचे भान हे गुण उपयोगी पडतातच. पण केवळ त्यांच्या बळावर कारखाना चालेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

‘निलगिरी’ या पहिल्या फ्रिगेटची पायाभरणी ऑक्टोबर १९६६ मध्ये झाली. ऑक्टोबर १९६८ मध्ये ती पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. विकर्स व यारो या ब्रिटिश कंपन्यांचे साहाय्य या कामी होते. जलावतरणापासून दाखल होण्यापर्यंतची साडेतीनहून अधिक वर्षे एखाद्याला फार वाटतील. पण पाण्यावर तरंगते ते रिकामे सांगाडेच. यंत्रसामग्री, तोफा, रडार, मैलोगणती विजेच्या तारा त्यात बसावयाच्या असतात आणि हे सर्व प्रथमच करणारे हात शिकत शिकत काम करतात. दाखल होण्याच्या दिवशी नौदलप्रमुखपदी नंदा हेच होते. गोदीत असताना ज्या कामाचा आरंभ त्यांनी केला, त्याचे फळ आता त्यांनी गिऱ्हाईक म्हणून स्वीकारले! १९७३ मध्ये निवृत्त झाल्यावर नंदा भारतीय नौवहन महामंडळाचे प्रमुख झाले, तेथे तर मालवाहतुकीच्या दरांशी गाठ होती. ‘निलगिरी’नंतर ‘हिमगिरी’, ‘उदयगिरी’, ‘दुनागिरी’, ‘तारागिरी’ व ‘विंध्यगिरी’ अशा आणखी पाच नौका त्याच गोदीत बांधल्या गेल्या. शेवटच्या दोन नौकांत तर ‘सी किंग’सारखे जड हेलिकॉप्टर वाहून नेता यावे म्हणून मूळ ब्रिटिश रचनेत आपल्याकडेच बदल करण्यात आले.

सर्वत्र असेच घडले असे नव्हे. वायुसेनाप्रमुखपदावरून १९७३ मध्ये निवृत्त झालेले एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांनी इंडियन एअरलाइन्सचा भार उचलला. त्याच वर्षाच्या अखेरीस कामगारांशी वाद विकोपास जाऊन टाळेबंदी झाली. १९४१ साली सुरुंग काढण्याच्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे, बॉम्बे सॅपर्सचे लेफ्टनंट जनरल प्रेमींद्रसिंग भगत १९७४ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले. विजेच्या टंचाईने ग्रासलेल्या त्या महामंडळात त्यांनी झपाट्याने काम आरंभिले, परंतु मे १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

अहिल्यानगरच्या वाचकाला यातील एक भेद चटकन उमगावा. कारण लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यापासून, म्हणजे १९५० पासून, तो कारखान्याचा कारभार जवळून पाहत आला आहे. तेथे अध्यक्ष सभासद शेतकऱ्यांनी निवडलेला असतो आणि कार्यकारी संचालक नेमलेला असतो. ऊस कोणत्या गटाचा आधी तोडावयाचा यावरून गावोगाव रुसवे निघतात. तेथे एखादा निवृत्त ब्रिगेडियर आला तर तोडणीचा कार्यक्रम तो काटेकोर आखून देईल. पण नाराज सभासदाच्या ओट्यावर बसून त्याची समजूत घालणे हे काम कोणत्याही सैनिकी शाळेत शिकविले जात नाही. जिल्ह्यातच उदाहरण हवे असेल तर राळेगणसिद्धीचे आहे. अण्णा हजारे सैन्यात अधिकारी नव्हते, वाहनचालक होते. १९७५ मध्ये ते गावी परतले आणि त्यांचे काम ग्रामसभेच्या संमतीने चालले.

हे शिक्षण मिळावे म्हणून संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या वाटेवरील अधिकाऱ्यांसाठी भारतीय व्यवस्थापन संस्थांत काही महिन्यांचे वर्ग चालविते. लेखे, बाजारपेठ, कामगार कायदे हे विषय त्यात येतात. वरिष्ठ अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीच्या आत व्यापारी नोकरी धरावयाची असेल तर शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. काल ज्या कंपनीकडून माल खरेदी केला तिच्याच कचेरीत आज बसू नये, हा त्यामागील हेतू होय. नंदा व सॅमसन ज्या गोदीत गेले ती सरकारी मालकीची होती, हा फरक येथे विसरता कामा नये.

जवानांची गोष्ट निराळी. ते बहुधा चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात, त्यांच्यापुढे संचालक मंडळाची खुर्ची नसते. त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि २००२ मध्ये स्थापन झालेले, पुणे येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ आहे. हे महामंडळ विविध आस्थापनांना माजी सैनिक सुरक्षारक्षक पुरविते. सामान्यतः निवृत्त लष्करी अधिकारीच त्याचा कारभार पाहतो. त्याच्या हाताखाली पुन्हा जवानच असतात. मात्र आता महिनाअखेरीस त्यांच्या पगारासाठी ग्राहकाकडून देयक वसूल करून आणणे हेही त्याचे काम असते.