निद्रिस्त बीजाणू

चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यांत पावसाळा लागला, की वारुळांवर सात्या नावाची अळिंबी डोके वर काढते. अळिंबी ही बुरशीचीच जात होय. तिच्या छत्रीखालून असंख्य सूक्ष्म बीजाणू गळतात आणि वाऱ्यावर दूरवर जातात.

या मुलखात वैशाखाची काहिली भयंकर. पाणी गोठविणारी थंडी मात्र सहसा पडत नाही. तशी थंडी पडली असती, तर बीजाणू जगले असते काय? पेशीतील पाणी गोठले, की बर्फाचे अणकुचीदार स्फटिक तिचे आवरण फाडतात. परंतु पुष्कळ बुरशींच्या बीजाणूंत पाणी अल्प असते व कवच बळकट असते. म्हणून ते तगतात. सर्वच तगतात असे मात्र नव्हे. वारंवार गोठणे व वितळणे त्यांनाही जड जाते.

शीतकपाटातील शिळ्या पोळीवर कधी हिरवी लव दिसते, ती यामुळेच. तेथे बुरशीची वाढ मंदावते, बीजाणू मरत नाहीत. अशी पोळी फेकावी हेच बरे. काही बुरशींचे विष तापविल्यानेही जात नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस इतक्या थंड द्रवरूप नायट्रोजनमध्ये अनेक बुरशी वर्षानुवर्षे राखता येतात. बाहेर काढून ऊब व अन्न दिले, की त्या पुन्हा वाढू लागतात.