गाडीशिवाय नाटक?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते. व्यावसायिक नाटकात नुकतंच काम मिळालं आहे. स्वतःची गाडी नसेल तर या क्षेत्रात टिकता येत नाही, असं सगळे म्हणतात. कर्ज काढून गाडी घ्यावी का?
– एक अभिनेत्री, डोंबिवली

उत्तर : घाई करू नका. गाडी ही नाटकातल्या कामाची अट नाही. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी ही नाट्यगृहं लोकलच्या स्थानकांपासून फार लांब नाहीत. मासिक पास काढलात तर तालमींच्या प्रवासाचा खर्चही आटोक्यात राहतो. दौऱ्याला नाटकाची बस असते. ती कुठून सुटते आणि परतताना कुठे सोडते, हे व्यवस्थापकांना आधीच विचारा.

खरी काळजी रात्रीची. मध्यरात्र उलटली की लोकल पहाटेपर्यंत थांबतात. म्हणून शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या गाडीचा हिशोब धरा. रविवारी प्रयोग असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहूनच निघा. रात्री महिलांच्या डब्यात, पोलीस असेल तिथेच बसा. अडचण आली तर 1512 हा रेल्वे पोलिसांचा क्रमांक आहे. गाडी चुकलीच तर त्याच बाजूला राहणाऱ्या सहकलाकारांबरोबर टॅक्सी करा. उशिराच्या प्रयोगांच्या प्रवासखर्चाचं बोलणं मानधन ठरतानाच करा. त्यात संकोच नको.

वर्षभर असं करून पाहा. हप्त्यांच्या ओझ्याविना भूमिका निवडता येणं, हे आज तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे.